विसारात अख्खं घर

'ताई, तुमची कादंबरी वाचली. मालिका करायचीय,' असा फोन आला की लिहिणाऱ्या बाईला इतका आनंद होतो, की पैशांचं विचारणं कोतेपणाचं वाटतं. घरातलेही म्हणतात, 'नाव होतंय ना, मग कशाला ताणतेस?' आणि सही होते.

हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या 'यही सच है' या कथेवर १९७४ मध्ये 'रजनीगंधा' आला, तो लोकांनी डोक्यावर घेतला. पण 'आपका बंटी' या त्यांच्या कादंबरीवर 'समय की धारा' निघाला, तेव्हा आपल्या कादंबरीचा विपर्यास झाला म्हणून त्या कोर्टात गेल्या. १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मान्य केलं, की चित्रपटाचे हक्क विकले तरी कृतीची मोडतोड होऊ नये, हा लेखकाचा हक्क शिल्लक राहतो. प्रकरण पुढे तडजोडीने मिटलं. पण मैत्रिणींनो, कोर्टाची पायरी चढणं आपल्यापैकी किती जणींना परवडेल? त्यापेक्षा सहीआधीच कागद वाचणारं कुणी हवं.

ते काम साहित्यिक एजंटचं. (आपल्याला एजंट म्हटलं की विमा नाहीतर जागाच आठवते!) तो पुस्तक निर्मात्यांपर्यंत नेतो, भाव ठरवतो, करार तपासतो आणि आलेल्या रकमेतून आपली टक्केवारी घेतो. म्हणजे आपल्याला मिळालं तरच त्याला. मुख्य म्हणजे, जे पैसे मागायला आपली जीभ रेटत नाही, ते तो मागतो. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना ही सवय आहे. मराठीत बहुतेक व्यवहार अजून ओळखीपाळखीवरच चालतात.

एजंट नसला तरी रीत माहीत हवी. घर घेताना विसार देतात ना, तसंच निर्माता थोडी रक्कम देऊन ठरावीक मुदतीसाठी हक्क राखून ठेवतो. याला 'ऑप्शन' म्हणतात. मुदतीत काम उभं राहिलं तर पूर्ण किंमत. नाहीतर विसारही आपला आणि हक्कही आपले. आपण मात्र विसाराच्या रकमेत अख्खं घर लिहून देतो! चित्रपट, मालिका, वेब मालिका, दुसऱ्या भाषेतला रिमेक या वेगवेगळ्या खोल्या आहेत. सगळ्यांची किल्ली एकदम कशाला द्यायची?

कायदा तसा आपल्या बाजूचा आहे. हक्क लेखीच द्यावे लागतात. करारात मुदत नसेल तर पाच वर्षं, प्रदेश नसेल तर फक्त भारत धरला जातो. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो संपतो. अर्थात करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. म्हणूनच छापील करारांत 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत' असे शब्द घुसवलेले असतात.

नावाचंही तसंच. '३ इडियट्स'मध्ये चेतन भगत यांचं नाव शेवटच्या श्रेयनामावलीत आलं, म्हणून २००९ मध्ये केवढा वाद झाला. निर्मात्यांचं उत्तर एवढंच होतं, की करारात होतं तसंच केलं.

लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं हे हक्क टिकतात. तेव्हा आईच्या किंवा सासूबाईंच्या पुस्तकांचे जुने करार कपाटात असतील तर एकदा काढून बघा. चित्रपटाचे हक्क त्याच सहीत प्रकाशकाला गेलेत का, ते त्यातच लिहिलेलं असेल.