विश्लेषण : पुरात बुडालेल्या गाडीचे इंजिन पाणी ओसरल्यावरच का मोडते?

25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासला धरणातून मुठेत सुमारे 35 हजार क्युसेक पाणी सोडले जात होते. पुण्यातील नदीकाठच्या वस्त्या झोपेतच पाण्यात गेल्या. चर्चा सर्वाधिक झाली ती सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीची. पण संगमावर मुळा आणि मुठा एकत्र येतात, आणि दोन्ही नद्यांचे पाणी पुढे येरवड्याच्या काठाने वाहते. तिथल्या शांतीनगर भागातही पाणी शिरले. अशा वेळी माणसे हलवली जातात, स्कूटर आणि रिक्षा मात्र गल्लीतच राहतात. पाणी उतरल्यावर मालक चिखल पुसतो, किल्ली फिरवतो आणि सेल्फ मारून बघतो. ज्याची रोजची कमाई त्या गाडीवर आहे, तो हेच करणार. मात्र इंजिनाचा घात बहुतेक वेळा याच क्षणी होतो.

नेमके काय मोडते?

इंजिन चालते ते हवा आणि इंधनाचे मिश्रण दाबून. स्कूटरचा पिस्टन हे मिश्रण साधारण नवव्या-दहाव्या हिश्श्याइतक्या जागेत कोंबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एअर फिल्टर किंवा सायलेन्सरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल, तर वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. नुसत्या भिजलेल्या इंजिनाचा खर्च ऑइल, फिल्टर आणि मजुरीवर भागू शकतो. रॉड वाकला की इंजिन खोलण्यावाचून इलाज नाही. डोंगरदऱ्यांसाठी बनवलेल्या गाड्याही यातून सुटत नाहीत. महिंद्राच्या 2020 च्या थारला पाण्यातून जाण्याची मर्यादा 650 मिलिमीटर, म्हणजे साधारण गुडघ्याच्या थोडी वर, दिलेली आहे. स्कूटरचा एअर फिल्टर तर बहुधा मागच्या चाकाजवळ, बराच खाली असतो.

मग करायचे काय?

आधी बॅटरीची वायर सोडवावी. मग स्पार्क प्लग काढून किक हळू मारावी. प्लगच्या भोकातून पाणी उडाले, तर ते सिलिंडरपर्यंत पोहोचले होते हे कळते आणि बाहेरही पडते. ऑइलची काडी त्यानंतर बघावी. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. असे ऑइल एकदा बदलून पुरत नाही. नवे घालून इंजिन काही मिनिटे चालवायचे, ते काढायचे आणि पुन्हा नवे घालायचे. स्कूटरच्या मागच्या चाकाकडचे गिअर ऑइल वेगळे असते, ते घाईत हमखास विसरले जाते. पट्ट्याच्या कव्हरमध्ये गाळ राहिला तर पट्टा घसरतो. फिल्टर भिजला असेल तर वाळवण्याच्या भानगडीत न पडता बदलावा.

पेट्रोलचे काय, हा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा झाला आहे. पूर्वी टाकीत गेलेले पाणी तळाशी बसायचे आणि खालून थोडे पेट्रोल सोडले की भागायचे. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते, आणि पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन खाली बसतात. वर उरलेले पेट्रोलही मग मूळच्या गुणवत्तेचे राहत नाही. टाकी पूर्ण रिकामी करणे हाच मार्ग.

आणखी एक बदल एप्रिल 2020 चा. बीएस-6 नियमांनंतर दुचाक्यांमध्ये कार्बोरेटरच्या जागी इंधन इंजेक्शन, सेन्सर आणि नियंत्रण करणारा संगणक आला. ‘प्लग काढ, पुस, किक मार’ हे गल्लीतल्या मेकॅनिकचे कौशल्य अजून उपयोगी आहे, पण ते अर्ध्यावरच थांबते. कनेक्टरच्या पिनांना लागलेला गंज काही आठवड्यांनी त्रास देऊ लागतो, आणि तोवर पुराशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. काही नव्या स्कूटरना तर किकच नसते. त्या गाड्या ढकलत नेलेल्याच बऱ्या. बॅटरीवरची स्कूटर बुडाली असेल तर ती चार्जिंगला अजिबात लावू नये. आगीचा धोका असतो.

विमा कामाला येतो का?

इथे मोठा गैरसमज आहे. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. कागद चालू असतो, पोलीस अडवत नाहीत, त्यामुळे ‘गाडीला विमा आहे’ असे मालक धरून चालतो. पण थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. पुराची भरपाई मिळते ती ओन डॅमेज विम्यातून, आणि तो अनेकदा पहिल्या वर्षानंतर नूतनीकरणाविना संपलेला असतो.

ओन डॅमेज असला तरी त्यात ‘परिणामी नुकसान’ वगळलेले असते. पाण्याने भिजलेले इंजिन हे पुराचे नुकसान. पाणी गेलेले इंजिन सुरू करायला गेल्यामुळे वाकलेला रॉड हे परिणामी नुकसान, असा युक्तिवाद कंपन्या करतात. इंजिन प्रोटेक्शनचे जादा कवच याच दरीसाठी विकले जाते. त्याच्याही अटी असतात. म्हणून दावा करायचा असेल तर गाडी उभी होती तिथेच, चिखल धुण्याआधी, पाण्याची पातळी दाखवणारी खूण दिसेल असे फोटो काढावेत, कंपनीला कळवावे आणि सर्व्हेअर येईपर्यंत किल्ली खिशातच ठेवावी.