संप त्यांचा, घर आपलं

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. भिशी आमच्याकडे होती. बाहेर पावसाची झड, आत आम्ही चौदा जणी, आणि घावणे तव्यावरून उतरले की लगेच संपत होते. ९ जुलैचा देशव्यापी संप नुकताच होऊन गेला होता. एकीचा चेक त्यात अडकला होता, तिनं तोंडाचा पट्टा सुरू केला. मग काय, प्रत्येकीला आपापला खोळंबा आठवला. "ह्या युनियन बंदच करून टाकायला हव्यात बाई!" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मीही डोलावली. नुसती मान डोलावून गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण यजमानीणबाईंना चारचौघींत हशा मिळवायची हौस! म्हटलं, "बँकेचं काय घेऊन बसलात? टेलिफोनवाल्यांनी २०१९ ला तीन दिवसांचा संप केला होता, कुणाला कळला तरी का? एरवी काम करत असते तर संप केलेला कळला असता!"

हशा पिकला. आणि मग माझ्या लक्षात आलं की चटणीचं भांडं घेऊन माझ्या मागंच शेजारच्या वहिनी उभ्या आहेत. त्यांचे यजमान एकतीस वर्षं टेलिफोनचे लाइनमन होते. वहिनी काही बोलल्या नाहीत. सगळ्यांच्या ताटात चटणी वाढून झाली, भिशीची चिठ्ठी निघाली, आणि जाताना चपला घालता घालता हळूच म्हणाल्या, "आम्हाला कळला होता गं. तीन दिवसांचा पगार कापला होता."

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. लागली. पण सकाळी पहिला चहा घेताना तेच वाक्य पुन्हा आठवलं. मी बी. ए. झालेली, तासिका तत्त्वावर का होईना पण शाळेत इतिहास शिकवणारी. आठवीच्या मुलांना मी दरवर्षी सांगते की नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना काढली आणि १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. (ती आपल्याला अजून मिळालेली नाही, रविवारीच तर जास्त स्वयंपाक! पण तो विषय वेगळा.) पुस्तकातल्या कामगारांबद्दल मी डोळ्यांत पाणी आणून बोलते आणि भिंतीपलीकडच्या कामगाराची टिंगल करते, हे काही बरं नव्हे.

दुपारी वहिनींकडे गेले. "चुकलंच माझं," म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुझं एकटीचं कुठं, सगळेच म्हणतात." आणि मग पायरीवर बसून आम्ही दोघींनी गवारीच्या शेंगा मोडल्या, तेव्हा मला तो संप कळला.

१८, १९ आणि २० फेब्रुवारी २०१९ असे ते तीन दिवस. माझी समजूत अशी की संप म्हटला की पगारवाढ. पगाराची मागणी होतीच, निवृत्तिवेतनाचीही होती. पण अगदी वरची मागणी काय होती, ऐका: बीएसएनएलला फोर-जी द्या! खाजगी कंपन्यांच्या हातात ते केव्हाच आलं होतं, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर तर घरोघरच्या पोरांच्या तोंडी तोच शब्द होता. आणि सरकारी कंपनीचे कामगार रस्त्यावर उभे राहून सांगत होते की आम्हालाही ते द्या, नाहीतर गिऱ्हाईक टिकणार कसं? सुतारानं संप करावा आणि मागावं काय, तर करवत! आपण कधी ऐकलं होतं हे? मी तरी नव्हतं ऐकलं. ती करवत हातात यायला सप्टेंबर २०२५ उजाडला, तेव्हा कुठे त्यांच्या स्वदेशी फोर-जीचा देशभरासाठी समारंभ झाला.

संप संपला आणि त्याच फेब्रुवारीचा पगार वेळेवर झाला नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मार्चच्या मध्यापर्यंत वाट पाहावी लागली. वहिनींनी वाण्याकडे वही सुरू केली, मुलीच्या क्लासची फी पुढे ढकलली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. "पापड लाटायला बोलावलंस ना तू त्या महिन्यात, तेव्हा मी पाठदुखी सांगितली. खरं म्हणजे माझ्या वाटणीची उडदाची डाळ आणायला पैसे नव्हते." मला ते पापड आठवत होते. पाठदुखीवर मी त्यांना शेक घ्यायचा सल्लाही दिला होता!

ऑक्टोबर २०१९ मध्ये सरकारनं कंपनीसाठी योजना जाहीर केली, त्यात पन्नाशीच्या पुढच्यांना स्वेच्छानिवृत्ती होती. आता स्वेच्छा म्हणायचं, पण निवृत्तीचं वय साठावरून अठ्ठावन्न करणार, दूर बदल्या करणार, अशी कुजबुज कानावर येत असताना माणूस कितपत स्वेच्छेनं सही करतो हे ज्याचं त्यालाच ठाऊक. ३१ जानेवारी २०२० ला देशभरातले सुमारे ७८ हजार लोक एकाच दिवशी घरी गेले. कंपनीचं जवळजवळ निम्मं मनुष्यबळ! वहिनींचे यजमान तेव्हा त्रेपन्न वर्षांचे. पैसे मिळाले, नाही असं नाही. पण रात्री वीज कडाडली की ते उठून खिडकीशी उभे राहतात, म्हणाल्या. कुठली लाइन पडली असेल याचा अंदाज घेत. ती लाइन आता त्यांची नाही, हे सकाळी आठवतं.

आणि मग चार महिन्यांत, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ आलं.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडनं त्याचा तडाखा खाल्ला. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब मोडले, फोन सगळेच मुके. कुठल्याही कंपनीचा असो! चार दिवस आईचा आवाज नाही. त्यात टाळेबंदी, म्हणजे उठून जायचीही सोय नाही. चौथ्या दिवशी गावचा एक मुलगा मोटारसायकलनं रत्नागिरीत आला, त्यानं सांगितलं की घराचे कोने उडालेत पण माणसं बरी आहेत, तेव्हा मी देवापुढे दिवा लावला. त्याच संध्याकाळी वहिनींचे यजमान कुंपणापाशी उभे राहून आमच्या ह्यांना म्हणाले होते, "आता तिकडे खड्डा कुठे, जोड कुठे, हे माहीत असलेली माणसं कुठून आणणार? अर्धी माझ्यासारखी ओट्यावर बसलीत." खरं सांगायचं तर ती माणसं असती म्हणून एका दिवसात फोन लागले असते असं काही नाही. वीजच नव्हती तर टॉवर तरी कशावर चालणार? पण तीन दिवसांच्या संपात ज्यांची उणीव मला भासली नव्हती, ती त्या चार दिवसांत भासायला हवी होती. तेव्हा मी त्यांचं बोलणं नुसतं कानांनी ऐकलं.

जाता जाता एक सांगून ठेवते. त्या चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की भावाचा, मामाचा, आईच्या शेजाऱ्यांचा, कुणाचाच नंबर मला पाठ नाही. सगळं त्या मोबाइलच्या पोटात. तेव्हापासून एक साधी वही फडताळात ठेवली आहे, त्यात नंबर शाईनं लिहिलेले आहेत, आणि माहेरच्या गावातल्या दोन-तीन घरांचेही आहेत. तुम्हीही ठेवा. संप असो की वादळ, वही चार्ज करावी लागत नाही.

आता दुसरा संप. हा न कळायला जागाच नव्हती.

एसटीचा! २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाला, ऐन दिवाळीत डेपोमागून डेपो बंद होत गेले, आणि उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२२ ची मुदत घालून दिली तोपर्यंत कमीजास्त चालूच राहिला. मागणी एकच, महामंडळाचं सरकारात विलीनीकरण करा. सुरुवातीला आमच्या रत्नागिरीत सगळ्यांची सहानुभूती ड्रायव्हर-कंडक्टरांकडे होती. "एवढ्याशा पगारात संसार कसा करायचा?" असं मारुती मंदिरच्या भाजीवालीपासून आमच्या मुख्याध्यापकांपर्यंत सगळे म्हणत. २४ नोव्हेंबरला सरकारनं पगारवाढ जाहीर केली, नव्या लोकांच्या मूळ पगारात तर पाच हजारांची, तिथून वारं फिरायला लागलं. "आता मिळालं ना? मग अजून काय?" मार्च उजाडला, दहावीच्या परीक्षा तोंडावर आल्या, आणि मग जी सहानुभूती होती तीही आटली.

माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली खेड्यांतून एसटीनं येणाऱ्या. मुलींना पास मोफत, म्हणूनच तर त्यांच्या घरचे शाळेत पाठवतात. वडाप करून येणं परवडत नाही, चालत यायचं तर जाऊन-येऊन चार तास. दोन मुली दिवाळीनंतर आल्याच नाहीत. मात्र एक मुलगी रोज यायची, तिचं घर जवळ होतं. तिचे वडील एसटीचे ड्रायव्हर, संपात. एके दिवशी मधल्या सुट्टीत बाकीच्या तिला म्हणाल्या, "तुझ्या बाबांमुळे आमचं वर्ष जाणार." ती डबा न उघडता बसून राहिली. मी दारातून ऐकलं, आत गेले, आणि काय सांगावं ते न सुचून म्हणाले, "वह्या काढा." इतिहासाच्या बाई! त्या मुलीचेही वडील चुकीचे नव्हते आणि ह्या मुलीही खोटं बोलत नव्हत्या. हे दोन्ही एका वाक्यात कसं सांगायचं ते मला अजूनही नीट जमत नाही.

त्या संपाची एक गोष्ट मात्र मला खटकली. जुन्या संघटनांवर कामगारांचा विश्वास उरला नव्हता, त्यांना बाजूला सारून लोक संपात उतरले होते. राग समजण्यासारखा आहे. पण मग थांबायचं कुठं, हे सांगणार कोण? आमच्या घरात याचं उत्तर फक्त सासूबाईंना ठाऊक आहे. त्यांचे वडील परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागं गेले. मान्यता असलेल्या युनियनला सोडूनच गेले, कारण कायद्यानं बोलणी करायचा हक्क तिचा आणि कामगारांचा विश्वास मात्र दुसऱ्यावर. आजोबा ट्रंक घेऊन गावी आले, म्हणाले, दोन महिन्यांत मिटेल. तो संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. कोकणातल्या किती घरांनी तांदूळ आणि कुळीथ मुंबईच्या खोल्यांत पोचवले, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. सासूबाईंचं ठरलेलं लग्न दोन वर्षं लांबलं. मी एकदा विचारलं, "आजोबा सामंतांना शिव्या देत असतील?" तर म्हणाल्या, "छे! भिंतीवर फोटो होता. फसवलं नाही म्हणायचे, हरलो म्हणायचे." आणि मग थोड्या वेळानं, आपणहून: "पण आईला कुणी विचारलं नव्हतं."

हे वाक्य मी वहिनींना सांगितलं. त्या हसल्या. त्यांना विचारलं होतं म्हणे. सप्टेंबर २००० मध्ये, टेलिफोन खात्याची कंपनी होणार म्हणून संप झाला तेव्हा. नवं लग्न, पोटात मूल. यजमानांनी विचारलं, जाऊ का? त्या म्हणाल्या, जा. १ ऑक्टोबरला कंपनी झाली ती झालीच, पण खात्यातून आलेल्या लोकांचं निवृत्तिवेतन सरकार देईल हे त्याच सुमारास पदरात पडलं. "आज दर महिन्याला जे येतं ना, त्यात ते तीन दिवस आहेत." युनियनमध्ये सगळे सोन्याचे होते असं मात्र त्या म्हणत नाहीत. बदली थांबवण्यापुरतीच युनियन आठवणारे होते, वर्गणी देऊन झोपणारे होते, आणि फोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत त्या दिवसांत गिऱ्हाइकाशी तोऱ्यानं बोलणारेही होते. त्यांचे यजमान स्वतःच सांगतात. आज लोकांचं मत वाईट आहे त्यात तेव्हाचं व्याजही आहेच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांचे नवे कायदे आले. आता कुठल्याही उद्योगात संप करायचा तर किमान चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, पूर्वी ते लोकोपयोगी सेवांपुरतं होतं. निम्म्यांनी मिळून एकदम रजा टाकली तरी तो संपच धरतात. आपल्यासारख्यांना बरंच आहे, पेपरात वाचून गॅस, औषधं, हातात थोडी रोकड, सगळी तजवीज करता येते. मात्र पगार उशिरा होणार आहे अशी चौदा दिवस आधी नोटीस कुणाच्या बायकोला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. मला तरी नाही मिळत. तासिकेचे पैसे कधी तीन महिन्यांनी, कधी पाच. आम्ही तासिकावाल्या पाचजणी स्टाफरूमच्या कोपऱ्यात कुजबुजतो आणि घंटा झाली की वर्गावर जातो. आमची युनियन नाही. कुणी काढायची म्हटली तर पहिलं नाव मी देईन का, हे भिशीत बोलण्याइतकं सोपं नाही.

पुढची भिशी वहिनींकडे होती. मी आवर्जून लवकर गेले, नारळ खवून दिला. बरोबर साडेचारला सगळ्या जमल्या. चेक अडकलेली बाई तेवढी उशिरा आली, तर वहिनी दारातच तिला म्हणाल्या, "काय गं, नोटीस न देता?"