लारा गेला

मामाच्या सोसायटीचा पुनर्विकास एकदाचा मार्गी लागला आणि सदाशिव पेठेतल्या त्या दोन खोल्या रिकाम्या करायला आम्ही भाचरं जमलो. माळ्यावरून पितळी घंगाळ निघालं, मोडक्या छत्र्या निघाल्या, मामीने 'लागेल कधीतरी' म्हणून जपलेल्या श्रीखंडाच्या डब्यांची उतरंड निघाली. आणि सगळ्यात मागे, एका शबनम पिशवीत, मामाच्या स्कोअरच्या वह्या. दोनशेपानी, लाल पुठ्ठ्याच्या. मामा बँकेत होता. दिवसभर लेजर लिहून हात दुखायचा, आणि तो विसावा म्हणून घरी येऊन रेडिओवर ऐकलेल्या मॅचचा स्कोअर लिहायचा.

मला त्यातलं एकच पान हवं होतं. २९ फेब्रुवारी १९९६, नेहरू स्टेडियम, पुणे. मी मैदानात बसून पाहिलेली पहिली मॅच.

तेव्हा मी आठवीत. गुरुवार होता, म्हणजे शाळा बुडवायची होती. बाबांचं म्हणणं, वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे आणि मॅच तर भारताचीही नाही. त्यात तथ्य होतं. दोनच दिवसांपूर्वी वानखेडेवर विश्वचषकातली भारत-ऑस्ट्रेलिया मॅच झाली होती, दिव्यांच्या प्रकाशात. सचिनने ९० केल्या होत्या, आणि आपण १६ धावांनी हरलो तरी मुंबईकरांना आयुष्यभर सांगायला काहीतरी मिळालं होतं. पुण्याच्या वाट्याला आली वेस्ट इंडीज विरुद्ध केनिया. १९८७च्या विश्वचषकातही आपल्याला इंग्लंड-श्रीलंका मिळाली होती. मामाच्या मते हे सगळं ठरवून चाललं होतं. कोण ठरवतं, हे त्याने कधी सांगितलं नाही. मुंबईच्या दिशेला नुसती मान हलवायची.

पण लारा येणार होता. दोन वर्षांपूर्वी, १९९४च्या एकाच उन्हाळ्यात, त्याने कसोटीत ३७५ आणि काउंटीत नाबाद ५०१ केल्या होत्या. मामाने बाबांना एवढंच सांगितलं, "भावजी, परीक्षा दर वर्षी येते." माझ्या शाळेच्या डायरीत त्या दिवशी पोटदुखी आहे, मामाच्याच रेखीव अक्षरात.

आम्ही चालत निघालो. टिळक रोड, सारसबाग, तळ्यातल्या गणपतीला बाहेरूनच हात जोडून पलीकडे स्टेडियम. हे चालत जाणं तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं. आता गहुंजेच्या स्टेडियमला जायचं तर सकाळपासून बेत करावा लागतो, कोणाची गाडी, परतताना कुठे भेटायचं, एक्स्प्रेसवेला किती वेळ लागेल. तेव्हा आमच्या पेठेतली माणसं भाजी आणायला निघाल्यासारखी विश्वचषकाला निघाली होती. एकाच्या हातात खरोखर पिशवी होती. तीतून नंतर पोळीभाजीचा डबा निघाला.

सिमेंटच्या पायऱ्या. मामाने 'सकाळ'ची आतली पानं काढून खाली अंथरली आणि खेळाचं पान मांडीवर ठेवलं. वहीतलं वेस्ट इंडीजचं पान तो आदल्या रात्रीच आखून बसला होता. कॅम्पबेल, रिचर्डसन, लारा, चंदरपॉल, अगदी शेवटच्या कफीपर्यंत. लाराच्या नावापुढे त्याने दोन ओळी जास्त सोडल्या होत्या. एका ओळीत मावणार नाहीत म्हणून.

केनियाच्या पानावर लिहिलं होतं : केनिया १, केनिया २, केनिया ३... असं अकरापर्यंत.

वेस्ट इंडीजने केनियाला आधी फलंदाजी दिली. मामा खूश. सगळ्यांचाच हिशेब सरळ होता, केनिया लवकर आटोपेल, मग जेवणाच्या आसपास लारा, आणि चहाच्या आत घरी.

पहिल्यांदा मैदानात बसणाऱ्याला काय खटकतं ते सांगतो. टीव्हीने आपल्याला एका खिडकीतून मॅच बघायला शिकवलेलं असतं. बोलरच्या पाठीमागची खिडकी, तिथून चेंडू आत आला की बाहेर गेला ते दिसतं. आम्ही आडव्या बाजूला बसलो होतो, आम्हाला त्यातलं काहीच दिसेना. अँब्रोज धावत येतो, हात फिरतो, आणि बॅट्समन मान मागे घेतो. चेंडू मधल्यामध्ये नाहीसाच. शेवटी मी चेंडूचा नाद सोडला आणि कीपर बघायला लागलो. तो इतका मागे उभा होता की वाटावं, ह्याचा ह्या खेळाशी काही संबंध नाही. आणि तिथे, एवढ्या मागे, चेंडू त्याच्या छातीशी येत होता. वेग म्हणजे काय हे मला त्या अंतरावरून कळलं. टीव्हीवर ताशी किती मैल ते आकड्यात सांगतात, पण अंतर कापून दाखवत नाहीत.

दुसरं म्हणजे, रिप्ले नाही. एक विकेट पडली तेव्हा मी बाउंड्रीवर पळणारं कुत्रं बघत होतो. ओरडा झाला, मी मान वळवली, तोवर माणूस निघालासुद्धा होता. मी वाट बघत राहिलो, पुन्हा दाखवतील म्हणून. खरंच राहिलो. मामा हसला नाही. "इथे एकदाच," म्हणाला.

केनियाच्या विकेट पडत होत्या, पण तो संघ संपत मात्र नव्हता. हे सगळे नोकरीधंदा सांभाळून खेळणारे लोक. पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना खेळून त्यांना दोन आठवडेही झाले नव्हते. १८ फेब्रुवारीला कटकला सचिनने त्यांना नाबाद १२७ धावांनी सलामी दिली होती. केनियाच्या पानावर मामाने पहिल्यांदा पेन्सिल चालवली ती चुडासामा आणि मोदी ह्या नावांवर. "अरे, हे तर लक्ष्मी रोडवरचे," असं शेजारचे काका म्हणाले आणि दोन पायऱ्या हसल्या. पुढे टिकोलो आला. त्याने जे दोन-तीन फटके मारले त्यावर हसू थांबलं. मामाने 'सकाळ'मध्ये नाव शोधलं, 'केनिया' खोडलं आणि वर 'टिकोलो' लिहिलं. मग ओडोयो, अवघा सतरा वर्षांचा. मामाने माझ्याकडे एकदा बघितलं. ते बघणं अजून आठवतं.

मधल्या रटाळ षटकांत मामाने निंबाळकरांची गोष्ट काढली. कुठल्याही रटाळ षटकांत तो ती काढतो. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम मोडायला अजून दहा धावा, आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, संघ घेऊन निघून गेले. मॅच तिथेच संपली. "पुण्यात क्रिकेट पुरं होत नाही," हे मामाचं लाडकं वाक्य. ते म्हणून होतंय तोवर केनिया १६६ला आटोपला. सगळ्यात जास्त धावा अवांतर, त्यानंतर टिकोलोच्या २९.

१६६. लोक उठून पाय मोकळे करू लागले. लारा एकट्याने करील, असं चाललं होतं.

रिचर्डसन गेला, स्टंप उडाला. आणि खाली लारा उतरला. लोक उभे राहिले. मीही उभा राहिलो, आणि पुढच्या माणसाच्या पाठीशिवाय मला काही दिसलं नाही. टाळ्यांवरून कळलं की लारा खेळपट्टीपर्यंत पोचला. मग दुसऱ्या टोकाला कॅम्पबेलचाही स्टंप उडाला, पण लारा होता.

एवढ्यात मामाने वही माझ्या मांडीवर ठेवली. "हा आता सेट व्हायला वेळ घेईल. तोवर चहा आणतो. एकेक चेंडू लिही, गाळू नकोस." आणि तो पायऱ्या चढून गेला.

केनियाचा कीपर तारिक इक्बाल अंगाने चांगला भरलेला होता, आणि त्याच्या हाताला चेंडू लागून खाली पडायचा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आमच्या पायऱ्यांनी त्याला तोपर्यंत दत्तक घेतलं होतं. "राहू दे रे, उद्या ये घ्यायला," वगैरे. पुण्याच्या प्रेक्षकाला षटकार मारणाऱ्यापेक्षा असा माणूस जास्त आवडतो. बोलायला काही मिळतं.

रजब अलीचा चेंडू. लाराने बॅट घातली. कीपर दोन्ही हात पोटाशी घेऊन वाकला आणि तसाच राहिला. ह्या वेळी चेंडू खाली पडला नाही. आम्ही सगळे जमिनीकडेच बघत होतो. चेंडू तिथे नव्हता.

मग केनियाचे लोक पळत सुटले.

मैदानात तेवढा शांत क्षण मी पुन्हा अनुभवला नाही. शेजारचे काका "आयला" म्हणाले, अगदी हळू, देवळात म्हणावं तसं. माझ्या मांडीवर वही, हातात पेन्सिल, आणि लाराच्या नावापुढे दोन जास्तीच्या ओळी. झे. कोण, गो. कोण, काय लिहायचं ते मला सुचेना. मी लिहिलं : 'गेला. ८.'

मामा दोन कप सांभाळत पायऱ्या उतरत होता तेव्हा लारा पलीकडून वर चढत होता.

पुढचं सगळं रेकॉर्डमध्ये आहे. तीन बाद ३३, चार बाद ३५. चंदरपॉलच्या १९, त्याच सगळ्यात जास्त. ओडुंबेने दहा षटकांत १५ धावा देऊन तिघांना घेतलं. पण आमच्या पायऱ्यांवर नक्की कुठल्या चेंडूला बाजू बदलली ते कोणत्याच रेकॉर्डमध्ये नाही. लाराची तिकिटं काढून आलेले लोक तासाभरात 'केनिया, केनिया' ओरडत होते, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याला पटवत होता की आपण सकाळपासून ह्यांच्याच बाजूने आहोत. कफीचा स्टंप उडाला तेव्हा वेस्ट इंडीज ९३. केनिया ७३ धावांनी जिंकला. त्यांचे खेळाडू मैदानाला फेरी मारत आमच्या समोरून गेले तेव्हा मामा जाळीपाशी उभा राहून त्यांना नावाने हाका मारत होता. वहीत आता एकही 'केनिया' शिल्लक नव्हता, अकराच्या अकरा नावं.

पुढे अकरा दिवसांनी कराचीत लाराने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १११ केल्या. मामाला तो वैयक्तिक अपमान वाटला. २००३ला संदीप पाटीलने केनियाला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत नेलं तेव्हा मामाने पेठेत पेढे वाटले नाहीत एवढंच. २००४मध्ये बुकींशी संबंध ठेवल्याबद्दल ओडुंबेवर पाच वर्षांची बंदी आली. त्या संध्याकाळी मामाने वही काढली होती, असं मामी सांगायची. नाव खोडलेलं नाही, मी पाहिलं.

तर ते पान. कडा पिवळ्या झाल्यात, पेन्सिल टिकून आहे. सगळीकडे मामाचे मोत्यासारखे आकडे, आणि तिसऱ्या नावापुढे आठवीतल्या पोराचं तिरकं अक्षर. मामाला चष्मा दिला, पान दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं.

"काय कॅच घेतला होता रे त्याने," मामा म्हणाला. "पोटावर. मी बघितलाय ना."

"मामा, तू चहा आणायला गेला होतास."

"चहा?" मामाने चष्मा काढून पुसला. "चहावाला जागेवर यायचा तेव्हा."