उपचार घरापर्यंत पोचायला हवेत

आज २१ सप्टेंबर. १९९४ पासून हा दिवस जगभर अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो. आज ठिकठिकाणी व्याख्याने होतील, स्मरणशक्ती तपासण्याची शिबिरे भरतील, आणि ती व्हायलाच हवीत. पण ज्या घरात आई दिवेलागणीला कपड्यांची पिशवी भरून ‘मला माझ्या घरी जायचंय’ म्हणत स्वतःच्याच घराच्या दाराशी उभी राहते, त्या घरातल्या माणसांना व्याख्यानाला जायची सवड नसते. आजच्या दिवशी बोलायचे ते त्यांच्याविषयी.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाप्रमाणे भारतात साठीपुढच्या दर शंभरातल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. ही संख्या ८८ लाखांच्या घरात जाते, आणि अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. इतकी घरे या आजाराशी झुंजत असताना आपण मात्र ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून पहिली दोन-चार वर्षे घालवतो. गॅस चालू राहतो, पेन्शनच्या पावतीवर सही जमत नाही, सुनेवर बांगड्या चोरल्याचा आळ येतो, आणि तरीही डॉक्टरकडे जायचे ते वडील घराची वाट चुकल्यावर. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे पंडित हत्तीमागे चालत निघून जातात. तो चित्रपट पाहून अनेक मराठी घरांनी आपल्या माणसाच्या वागण्याला प्रथमच आजार म्हटले असेल.

आजार आहे असे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न, जायचे कोणाकडे? मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ, दोघेही याचे निदान करतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला मानसोपचार विभाग ही अनेकांना परवडणारी वाट आहे. तिथे जायला लाजू नये. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, खोल नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात साचलेले रक्त यांनीही माणूस विसराळू किंवा भ्रमिष्टासारखा होतो, आणि ही कारणे बऱ्याचदा उपचारांनी सुधारतात. रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचे स्कॅन यांआधी कोणीही ‘आता काही उपाय नाही’ म्हणत असेल, तर दुसरा डॉक्टर गाठावा.

निदान अल्झायमरचेच झाले, तर औषधांबद्दल खरे सांगितले पाहिजे. डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधे काही रुग्णांची लक्षणे काही काळ सावरतात. आजार थांबवत नाहीत. अमेरिकेने २०२३ मध्ये पूर्ण मान्यता दिलेल्या लेकॅनेमॅबने दीड वर्षाच्या चाचणीत आजाराची घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. पण ते फक्त सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे, सहसा शिरेतून दिले जाते आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे पाहण्यासाठी वारंवार एमआरआय करावा लागतो. संशोधन पुढे जात आहे, हे मोठे समाधान आहे. मात्र आज रात्री तीन वाजता उठून बसलेल्या आजोबांना सांभाळणाऱ्या आजींना या बातमीचा उपयोग नाही.

त्यांना हवी आहे ती रोजच्या जगण्याची विद्या. आंघोळीला नकार दिला तर भांडायचे नाही, थोड्या वेळाने वेगळ्या शब्दांत सुचवायचे. ‘मघाशीच सांगितलं ना’ हे वाक्य तोंडातून काढायचे नाही. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा पाळायच्या, भाजी निवडण्यासारखे हाताला जमणारे काम हातात ठेवायचे, पाठ असलेले अभंग सोबत म्हणायचे. खिशात नाव-पत्ता असलेले कार्ड हवे. इच्छापत्र आणि बँकेचे व्यवहार माणसाला अजून समजते आहे तोवर उरकायचे. हे कोणी समजावून सांगितले तर अर्धी भांडणे टळतात. पण पाच मिनिटांच्या ओपीडीत ते सांगणार कोण?

याचे उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात मिळाले आहे. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांसोबत एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पदव्यांची मोठी रांग नसलेल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरोघरी जात. आजार समजावून देत, वागण्यातल्या अडचणींवर मार्ग सुचवत, सांभाळणाऱ्याचे ऐकून घेत. पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ असे. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य लक्षणीय सुधारले. कुठलेही महागडे यंत्र त्यात नव्हते. आमच्या मते अल्झायमरवरच्या उपचारांचा भारतातला हा अत्यंत मोलाचा धडा आहे, आणि तो वर्षानुवर्षे शोधनिबंधातच पडून राहावा याचे वाईट वाटते.

महाराष्ट्रात गावोगावी आशाताई आहेत, अंगणवाडीसेविका आहेत. त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, म्हणून हे कामही फुकटात त्यांच्या गळ्यात मारू नये; वेगळे मानधन देऊन वेगळ्या कार्यकर्त्या नेमाव्यात. सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावरचे. हा आजार बहुतेक काळ घरातच काढला जातो, आणि खर्च होतो तो दिवस-रात्र सांभाळणाऱ्या मावशींच्या पगारावर, डायपरवर आणि नोकरी सोडलेल्या मुलीच्या बुडालेल्या उत्पन्नावर. त्याला या योजनेत रकाना नाही. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक दिवसकेंद्र असावे, जिथे रुग्णाला चार तास सोडून घरच्या माणसाला झोप घेता येईल. केरळने २०१४ मध्येच राज्य पातळीवर स्मृतिभ्रंशासाठी उपक्रम सुरू केला. महाराष्ट्राने थांबायचे कारण नाही.

तोवर मदत लागली तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलिमानस’ची १४४१६ या हेल्पलाइनला फोन करावा. आणि नात्यात, शेजारात असे घर असेल तर ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून परत फिरू नका. येत्या रविवारी दुपारभर तुम्ही रुग्णाजवळ बसा आणि त्या घरच्या बाईला बाहेर पाठवा.