प्रोजेक्टर आला, पण वायरचं काय?

आपल्याकडे शाळेत प्रोजेक्टर आला की नारळ फुटतो, हार होतात, सरपंचांपासून सगळ्यांचा फोटो निघतो. पण त्या डब्याच्या मागे वायर लावायच्या जागा किती, हे कुणी मोजत नाही. विषय बारीक वाटेल. ज्या गुरुजींच्या पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं वायरशी झटापट करण्यात जातात, त्यांना विचारा.

वर्गात दाखवायचं साधन आता एकच राहिलेलं नाही. बाईंची तयारी लॅपटॉपवर असते. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’ उघडतं ते मोबाइलवर. एखाद्या पोरीनं टॅबवर सोडवलेलं गणित सगळ्यांना दाखवायचं, तर तिसरं यंत्र. महाराष्ट्राला हे नवं नाही. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणले, २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याला संदीप गुंड सरांनी पाड्यावरची शाळा डिजिटल करून दाखवली. डोकं आपल्याकडे आहेच, अडतंय ते जोडणीत.

प्रोजेक्टरला बहुतेक वेळा एक-दोन एचडीएमआय आणि एक जुनं व्हीजीए असतं. व्हीजीए १९८७ सालचं. ते चित्र नेतं, आवाज नेत नाही. मग चित्र भिंतीवर आणि आवाज लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून. शेवटच्या बाकावरच्या पोराला काय ऐकू येणार, कप्पाळ! त्यात प्रोजेक्टर छताला टांगलेला. लॅपटॉप काढून मोबाइल लावायचा म्हणजे वायर बदलायला वर चढा. एका शाळेत मी सरांना बाकावर स्टूल ठेवून चढताना पाहिलंय. रोजच्या ओढाताणीत सॉकेट ढिलं होतं आणि प्रोजेक्टरवर कापडी पिशवी चढते ती कायमची.

यावर औषध आहे आणि ते महाग नाही. एचडीएमआय स्विच नावाची छोटी डबी मिळते. तीन साधनं तिला जोडायची, तिच्यातून एकच वायर प्रोजेक्टरला, बटण दाबलं की पडद्यावरचं साधन बदलतं. साधी डबी हजाराच्या आत येते. एमजी रोडला घ्यायला गेलात तर ‘स्विच’च मागा. ‘स्प्लिटर’ घरी आणलात तर उलटं काम होईल, तो एकाच लॅपटॉपचं चित्र अनेक पडद्यांवर नेतो. छतापासून टेबलापर्यंतची वायर लांब असते, तिथे स्वस्तातली घेतली की चित्र फडफडतं. आणि टाइप-सी भोक आहे म्हणून प्रत्येक मोबाइलचं चित्र वायरीतून बाहेर येतंच असं नाही. पुष्कळ फोनमध्ये त्यातून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात. बिनतारी घ्यायचं, तर मिराकास्टवालं घ्या, त्याला इंटरनेट लागत नाही. पेठ-सुरगाण्याकडे रेंजची बोंब असते, तिथे हा फरक फार मोठा. फक्त तुमचा फोन मिराकास्टवर चालतो का, हे दुकानातच लावून बघा.

आता पैशाचं बोलू. समग्र शिक्षेतून शाळेला वर्षाला एकत्रित अनुदान येतं. तीसपर्यंत पट असेल तर १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार. त्यातच खडू, वीजबिल, दुरुस्ती, साफसफाई. वाडी-वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेनं त्यातून हजाराची डबी आणि चांगली वायर कशी काढायची? शेवटी मास्तरच खिशात हात घालतात. हजारोंचा प्रोजेक्टर सरकारी किंवा लोकवर्गणीच्या पैशातून, आणि तो चालवायची वायर गुरुजींच्या पगारातून, हे मला पटत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. खरेदीच्या अटीतच स्विच, लांब वायर, आवाजाची जोडणी आणि टेबलाजवळ भिंतीवर पॉइंट लिहा. पुरवठादारानं वर्गात लॅपटॉप, मोबाइल आणि टॅब अशी तिन्ही जोडून दाखवल्याशिवाय बिल काढू नका. शाळा व्यवस्थापन समितीत पालक आहेत, त्यांनी हे डोळ्यांनी बघून मगच सही करावी. कंपनी दाखवायला का-कू करत असेल, तर काय ते समजून घ्या.

तुमच्या गावच्या शाळेत प्रोजेक्टरला काय काय जोडता येतं, ते एकदा जाऊन बघा आणि मला कळवा. तालुका लिहा, शाळेचं नाव नको. उगाच गुरुजींनाच नोटीस यायची.