बियाणे दळू नये

जालन्याला बियाण्यांची राजधानी म्हणतात, आणि ते खोटे नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिकोची स्थापना केली, तेव्हापासून बी निवडणे, वाळवणे, उगवणशक्ती तपासणे हा या गावाचा उद्योग झाला. पेरणीचे बी जात्यात घालू नये, हे इथल्या निरक्षर म्हातारीलाही शिकवावे लागत नाही.

हेच वाक्य जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झ यांनी आपल्या अखेरच्या शिळाछापाला नाव म्हणून दिले. मूळ शब्द गटेचे. १९१४ साली त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा पेटर स्वयंसैनिक म्हणून निघाला. बापाची संमती आईनेच मिळवून दिली, आणि ऑक्टोबरात तो बेल्जियममध्ये मारला गेला. १९१८ साली हरलेल्या युद्धासाठी आणखी स्वयंसैनिक मागणाऱ्या कवी डेमेलना बाईंनी समाजवादी पक्षाच्या ‘फोरवेर्ट्‌स’मधून याच शब्दांत उत्तर दिले. १९४२च्या चित्रात एक थोराड बाई दोन्ही बाहू छपरासारखे पसरून उभी आहे. तिच्या झग्याखाली तीन पोरे, बाहेर पडायला उतावीळ.

यात निव्वळ वात्सल्य पाहणे सोयीचे आहे. वात्सल्याला कोणती सत्ता भिते? रविवर्मा छापखान्याच्या शिळांवरून निघालेली यशोदा घरोघर सुखाने नांदली. कोलविट्झबाई मात्र या चित्राला आज्ञा म्हणत. समाजवादी व कम्युनिस्टांनी नाझींविरुद्ध एकत्र यावे, या आवाहनावर सही केली म्हणून १९३३ साली त्यांना प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडावे लागले होते.

दिवाळीच्या सुमारास घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. उचल घेतलेले नवरा-बायको म्हणजे एक ‘कोयता’. शाळेच्या पटावरचे पोर फडात मोळ्या बांधते, नाहीतर कोपीत धाकट्याला राखते. शिक्षणहक्काचा कायदा २००९चा आहे, हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तरी पोरे जातात. आईबापच नेतात, असे यावर उत्तर मिळते. पेटरलाही आईनेच जाऊ दिले होते. म्हणून कैसर निर्दोष ठरला काय? उचल फेडायची तर आणखी दोन हात लागतात, हे मुकादमाला ठाऊक असते आणि कारखान्यालाही.

बियाण्याच्या पिशवीवर १९६६च्या कायद्यान्वये उगवणीची टक्केवारी छापावी लागते. उचलीच्या हिशेबात मुलाचे नाव कुठेच नसते. त्याने बांधलेली मोळी तेवढी वजनात धरली जाते. साखर आयुक्तांनी गाळप परवाना देण्यापूर्वी प्रत्येक कारखान्याकडून फडावरच्या मुलांची यादी आणि त्यांच्या शाळेची व्यवस्था मागावी, आणि ती नसेल तर परवाना रोखावा.