चौपाटीवरचे दाणे आणि ट्रॉम्बेचे किरण

परवा संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर आमचा ग्रुप खारे दाणे खात बसला होता. विषय जीएम पिकांवर आला. एक मित्र ठामपणे म्हणाला, ‘‘लॅबमध्ये जनुकांशी खेळून बनवलेलं मी काही खाणार नाही!’’ मी त्याच्या हातातल्या पुडीकडे बघितलं.

त्या पुडीतले दाणे कुठल्या वाणाचे, ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. पण ‘टीएजी-२४’ हे भुईमुगाच्या वाणाचं नाव आपल्या शेतकऱ्यांच्या चांगलं ओळखीचं आहे. त्यातला ‘टी’ म्हणजे ट्रॉम्बे, ‘ए’ म्हणजे अकोला, ‘जी’ म्हणजे ग्राउंडनट. हार्बर लाइनवर मानखुर्दला उतरलं की जवळच असलेलं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांचं हे काम. उडदाचा ‘टीएयू-१’ हा वाणही याच जोडीचा, १९८५ सालचा. त्याआधी १९७३ मध्ये मोठ्या दाण्याचा ‘टीजी-१’ आला होता.

हे होतं कसं? बियाण्यावर क्ष-किरण किंवा गॅमा किरण सोडतात. त्याने डीएनए जागोजागी तुटतो, आणि पेशी तो जोडताना चुका करते. हेच उत्परिवर्तन. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातक असतात. म्हणून हजारो रोपं लावायची, पिढ्यान् पिढ्या निरखायची आणि बुटकं, लवकर येणारं, टपोऱ्या दाण्याचं एखादं झाड निवडायचं. कधी ते तसंच वाण होतं, कधी त्याचा दुसऱ्याशी संकर करतात. यात बी किरणोत्सर्गी होत नाही. एक्स-रे काढल्यावर आपण तरी कुठे होतो?

आता गंमत बघा. बीटी वांग्याची लागवड २०१० मध्ये थांबवली गेली. जीएम मोहरीवर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले आणि वाद पुन्हा पेटला. किरणांनी घडवलेले वाण मात्र नेहमीच्या चाचण्यांमधून शेतात पोचले. त्यांच्यासाठी ना मोर्चा, ना हॅशटॅग.

याचा अर्थ जीएमला डोळे झाकून हो म्हणा, असा नाही. बीटी पिकात जिवाणूचं जनुक बाहेरून आणलेलं असतं. किरणांनी फक्त त्या झाडाचंच जनुक बदलतं, पण कुठे आणि किती, हे आधी ठरवता येत नाही. म्हणजे ‘नैसर्गिक’ दोन्ही नाहीत. म्हणून तंत्राचं नाव ऐकून घाबरण्यापेक्षा पिकात नेमकं काय बदललं आणि ते कोणी तपासलं, हे विचारायला हवं.

तिसरा प्रश्न शेतकऱ्याचा आहे: बी कोणाच्या हातात? ट्रॉम्बेचे वाण सरकारी पैशातून झाले. भुईमुगाचं बी घरचं राखून पुढच्या हंगामात पेरता येतं. संकरित बीटी कापसाचं बियाणं मात्र दरवर्षी विकत घ्यावं लागतं. शेतकऱ्याच्या खिशाला लॅबपेक्षा हा फरक जास्त जाणवतो.

मित्राने पुडी संपवली, पण मत बदललं नाही. हरकत नाही. पुढच्या वेळी कट्ट्यावर हा वाद निघाला, तर हे तीन प्रश्न टाकून बघा.